कंपासपेटीएवढा अ‍ॅम्प

गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात अ‍ॅम्प्लिफायर मागितला की काउंटरखालून आधी एक भलामोठा डबा वर येतो. फासळ्या-फासळ्यांचं अ‍ॅल्युमिनियम, कडेला निळा दिवा, वर चंदेरी अक्षरांत आकडा. "साहेब, बाराशे वॉट. मागच्या सिग्नलपर्यंत ऐकू जाईल." आता मागच्या सिग्नलवाल्याला आपल्याला काय ऐकवायचंय? सकाळी ऑफिसला जाताना विविध भारती, सुट्टीत गावी निघालो की भावगीतं नाहीतर एखादं नाट्यपद, मागच्या सीटवरून फर्माईश आलीच तर नाचायचं गाणं, आणि मध्येच येणारा फोन. एवढ्यासाठी निम्मी डिकी खाणारा डबा घरी आणायचं कारण नाही. कंपासपेटीहून जरासा मोठा, डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटखाली बसणारा अ‍ॅम्प पुरतो, आणि तो नीट बसवला तर पुरून उरतो.

पायोनियरचा जीएम-डी१००४, केनवुडचा केएसी-एम१८०४, अल्पाइनचा केटीपी-४४५यू ही या जातीची ओळखीची नावं. तिघेही चार चॅनेलचे आणि तिघांचाही खरा जोर दर चॅनेलला ४५ वॉट. मॉडेलं येतात-जातात, एका शहरात मिळणारं दुसऱ्या शहरात मिळत नाही. म्हणून नावापेक्षा हा ४५चा आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पहिला प्रश्न हमखास असा येतो, की माझ्या स्टीरिओवरच '५० वॉट × ४' लिहिलंय, मग ४५ वॉटचा अ‍ॅम्प लावून मी खाली का येऊ? हा ५०चा आकडा कुठून येतो ते एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करा, ओहमने भागा: १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७, भागिले ४, उत्तर ५२ वॉट. झाले पन्नास! पण हे कधी, तर स्टीरिओ पूर्ण व्होल्टेज सतत स्पीकरवर ओतत असेल तेव्हा, म्हणजे आवाज पार फाटून चौकोनी झालेला असेल तेव्हा. स्वच्छ, गोल लहरीसाठी याच्या निम्मे धरायचे, म्हणजे २६. त्यातून स्टीरिओमधल्या चिपचा स्वतःचा खर्च वजा केला की फाटायच्या आधी हातात राहतात १८ ते २० वॉट. बारा व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा कुठलाही स्टीरिओ, मग तो पाच हजारांचा असो की पन्नास हजारांचा टचस्क्रीन, या गणिताबाहेर जाऊ शकत नाही.

४५ वॉट स्वच्छ द्यायचे तर ४ ओहमच्या स्पीकरवर लहरीचं टोक १९ व्होल्टपर्यंत जावं लागतं. बॅटरीत तेवढे व्होल्ट नाहीत. म्हणून चांगल्या अ‍ॅम्पच्या पोटात आधी व्होल्टेज चढवणारा भाग असतो आणि मग आवाज वाढवणारा. पैसे आपण या चढवणाऱ्या भागाचे मोजतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काहीशे रुपयांना टीपीए३११६ चिपचे छोटे बोर्ड मिळतात. चिप उत्तम आहे, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आहे, घरी जास्त व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर लावली तर गोड वाजते. पण तोच नुसता बोर्ड गाडीच्या बॅटरीवर जोडला तर व्होल्ट तेवढेच, म्हणून वॉटही जवळपास स्टीरिओएवढेच. पेटी नवी आणि आवाज जुना. हाताने जोडाजोड करायची हौस असेल तर जरूर करा, पण सुधारणा म्हणून करू नका.

आता खिसा सांभाळायची गोष्ट. १८चे ४५ वॉट झाले म्हणजे आवाज अडीचपट मोठा झाला, असं कान मानत नाही. हिशेबाने ही वाढ ४ डेसिबलची. वॉट दुप्पट केले की जेमतेम ३ डेसिबल वाढतात आणि आवाज दुप्पट 'वाटायला' सुमारे दहापट वॉट लागतात. मग खर्च कशाला? फरक पडतो तो तुमच्या नेहमीच्याच आवाजात. महामार्गावर ऐंशीच्या वेगाला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की आपण स्टीरिओ २२-२५ वर नेतो. तिथे गायकाचा सूर एकवेळ ठीक येतो, पण ढोलकीची थाप पडली की स्टीरिओचा श्वास संपतो. थाप नुसती 'टप्' अशी येते, तिच्यामागचा घुमारा येतच नाही, आणि त्याच क्षणी गायकाच्या आवाजालाही किंचित खरखर लागते. तासाभराने डोकं जड का झालं ते कळत नाही. थापेच्या त्या क्षणाला क्षणभरच ३०-४० वॉट लागतात. छोटा अ‍ॅम्प ते देतो. गाडीत बसलेल्या माणसाला "आवाज वाढवलास का?" असं वाटणार नाही. फार तर तो विचारेल, "हे गाणं वेगळं का वाटतंय?"

बाराशे वॉटवाल्या डब्याकडे परत जाऊ, कारण त्याची परीक्षा घ्यायची एक सोपी युक्ती आहे. डब्याच्या कडेला, जिथे जाड वायर जोडतात तिथे, प्लॅस्टिकचा रंगीत फ्यूज खोचलेला असतो. त्यावर आकडा असतो, समजा २०. वीस अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॉट. फ्यूज न जळता सतत आत घेता येईल ती वीज एवढीच. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये त्यातली जेमतेम ५०-६० टक्के आवाजापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होते. म्हणजे दीडशे-एकशेसाठ वॉट. चार चॅनेलला वाटले तर प्रत्येकी चाळीस. बाराशे वॉटचा डबा आणि कंपासपेटी एकाच रांगेत येऊन बसली! काही चलाख कंपन्या फ्यूजही मुद्दाम मोठा घालतात, तेव्हा ही युक्ती अगदी पुराव्यासारखी वापरू नका. पण दुकानात उभ्या उभ्या निम्मी दुकानदारी यात उघडी पडते.

पेटीवर काय वाचायचं ते एका शब्दात सांगता येतं: आरएमएस, म्हणजे सतत मिळणारा खरा जोर. 'मॅक्स', 'पीक', 'पीएमपीओ' यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. वर सांगितलेल्या ४५ वॉटच्या पायोनियरच्या खोक्यावरही '४०० वॉट मॅक्स' असंच मोठ्या अक्षरांत आहे, तेव्हा मोठ्या कंपन्यांनाही हा मोह सुटलेला नाही. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ नावाचं मोजमापाचं मानक आलं, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, एक टक्क्याहून जास्त विकृती नाही, अशा अटींवर मोजलेले वॉट. पेटीवर किंवा मॅन्युअलमध्ये या मानकाचा उल्लेख असेल तर आकडा विश्वासाचा. नसेल तर निदान 'आरएमएस, ४ ओहम, १४.४ व्होल्ट' एवढं तरी लिहिलेलं हवं.

हे अ‍ॅम्प एवढेसे असण्याचं कारण क्लास डी. जुन्या अ‍ॅम्पमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडलेल्या नळासारखा सतत काम करतो आणि तापतो. क्लास डीमधला एक तर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा. मधली तापायची अवस्थाच जवळपास नाही, म्हणून फासळ्यांचा डोंगर लागत नाही आणि आत घेतलेल्या विजेतली ८० टक्क्यांच्या आसपास वीज आवाजाला मिळते. "क्लास डी फक्त वूफरला, गाण्याला एबीच" असं सांगणारे जुने जाणकार अजून भेटतात. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. आज चालत्या गाडीत, टायरच्या आवाजात, तो फरक ओळखून दाखवणाऱ्याला मी चहा पाजीन.

पण अ‍ॅम्प घेण्याआधी दारं. हे बहुतेकांना पटत नाही, कारण दाराच्या आतल्या कामाला ना दिवा असतो ना आकडा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो, आणि त्याच्या मागे असतो पातळ पत्र्याचा पोकळ डबा. स्पीकर पुढे ढकलतो ती हवा आणि मागे ढकलतो ती हवा दाराच्या भोकांमधून एकमेकींना भेटतात आणि बास तिथेच मरतो. उरलेला बास पत्रा थरथरवतो. दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करा. 'टण्' असा आवाज आला तर तुमच्या गाण्यातही तो 'टण्' मिसळतोय. दोन्ही पुढच्या दारांत ब्यूटिलचं डॅम्पिंग शीट लावलं, सगळा पत्रा न झाकता मधला मोठा भाग आणि आतल्या पत्र्याची मोठी भोकं एवढंच जरी झाकलं, तरी बाकी काहीही न बदलता बास दीडपट वाटतो. दाराच्या तळाशी पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात, ती मात्र बुजवू देऊ नका. पावसाळ्यात काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. ती बुजली तर दार आतून गंजतं.

स्पीकर बदलायचे की नाही? कंपनीचे कागदी स्पीकर धड असतील, फाटलेले नसतील, तर आधी अ‍ॅम्प लावून महिनाभर ऐका. स्पीकर बदलणारच असाल तर वॉटपेक्षा त्याची सेन्सिटिव्हिटी बघा. एका वॉटला ८८ डेसिबल देणारा आणि ९१ डेसिबल देणारा यांतला फरक म्हणजे अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट करण्याइतका, तोही फुकट. मागच्या दारांचे स्पीकर बदलण्याच्या मी विरोधात आहे. पुढे दोघं बसतात, समोर बघतात, गाणं समोरून यावं. मागचे आहेत ते राहू देत.

आता जोडणी. पैसे अ‍ॅम्पवर खर्च होतात पण आवाज जोडणीवर ठरतो, आणि फिटर घाईत असतो, म्हणून इथे आपण जरा पाय रोवून उभं राहायचं.

नव्या गाड्यांतला टचस्क्रीन डॅशबोर्डातच मिसळलेला असतो. तो काढता येत नाही आणि त्याला मागे आरसीएच्या, म्हणजे अ‍ॅम्पला सिग्नल देणाऱ्या, खोबण्याही नसतात. घाबरू नका. बहुतेक छोट्या अ‍ॅम्पना 'स्पीकर लेव्हल' किंवा 'हाय लेव्हल' इनपुट असतं. स्टीरिओकडून स्पीकरला जाणाऱ्या वायरीच अ‍ॅम्पमध्ये घ्यायच्या आणि अ‍ॅम्पमधून स्पीकरला परत सोडायच्या. त्यासाठी वायरी कापायची गरज नाही. तुमच्या गाडीच्या मॉडेलचा 'कपलर टू कपलर' हार्नेस मिळतो, मूळ कपलर काढून मध्ये तो खोचायचा. उद्या गाडी विकताना तो काढून घ्या, गाडी होती तशी. वॉरंटीचा वाद नको असेल तर हा एक नियम पाळा: मूळ वायरिंगला कटर लागता कामा नये. फिटर "कापून टेप मारतो, काही होत नाही" म्हणाला तर दुसरा फिटर बघा.

अ‍ॅम्प चालू-बंद कसा होणार? पूर्वी डेकमधून निळी-पांढरी रिमोट वायर यायची. कंपनीच्या स्टीरिओत ती सहसा नसते. स्टीरिओ चालू झाला की त्याच्या स्पीकरच्या वायरींवर अर्थच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट येऊन बसतात. कित्येक अ‍ॅम्प हे व्होल्ट हुंगून आपोआप जागे होतात. घेताना 'ऑटो टर्न-ऑन' आहे का ते विचारा. नसेल तर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून रिमोट घ्यावा लागतो. इथे फिटरने आळस करून कायम करंट असलेली वायर जोडली, तर अ‍ॅम्प रात्रंदिवस जागा राहतो, आणि चार दिवस गाडी उभी राहिली की पाचव्या दिवशी स्टार्टर नुसता 'टिक-टिक' करतो. पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरच्या आसपासची असते. तिच्यात उधळपट्टीला जागा नाही.

मुख्य वायर थेट बॅटरीवरून. चार गुणिले ४५ म्हणजे १८० वॉट, ८० टक्के कार्यक्षमतेने आत लागतात २२५, म्हणजे पूर्ण जोरात १६ अँपिअर. स्टीरिओची मूळ वायर यासाठी केलेली नसते. काही छोट्या अ‍ॅम्पना डेकच्या कपलरमधूनच करंट घेण्याची सोय कंपनीने दिलेली असते. मॅन्युअलमध्ये तसं छापलं असेल तरच चालवून घ्या. एरवी ८ गेजची, म्हणजे सुमारे ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. तांब्याची, हे महत्त्वाचं. स्वस्त वायरिंग किटमध्ये 'सीसीए' असते: आत अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. तिच्यातली एक तार घ्या, ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. तीच जाडी असूनही तिचा अडथळा तांब्याच्या दीडपट असतो, शिवाय स्क्रूखाली ती हळूहळू चेपत ढिली पडते आणि ढिला जोड तापतो.

आणि फ्यूज. अ‍ॅम्पवर फ्यूज आहे, मग बॅटरीपाशी दुसरा कशाला, असं विचारणारे फिटर मी पाहिलेत. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी. बॅटरीजवळचा फ्यूज त्या चार मीटर वायरीसाठी. ही वायर बॅटरीतून निघते, पत्र्याच्या भिंतीतून आत येते, सीटच्या रुळाजवळून जाते. कुठेही तिचं कव्हर घासून पत्र्याला लागलं तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका बिंदूवर ओतते आणि वायर लाल होते. मधे फ्यूज असेल तर तो क्षणात उडतो. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, दीड हातावर असून उपयोग नाही. पत्र्याच्या भिंतीतून वायर रबरी ग्रोमेटमधूनच आत आली पाहिजे. नुसतं भोक पाडून ओढली तर पत्र्याची धार आज ना उद्या ती कापणार, आणि तोवर पावसाचं पाणी त्याच भोकातून पायाशी येणार. इंजिनच्या बाजूला वायरीवर कोरुगेटेड पाइप चढवा. तो उष्णतेसाठी आहेच, पण आपल्याकडे पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला येणाऱ्या उंदरांसाठीही आहे. ते यातूनही कुरतडतात म्हणा, पण जरा उशिरा.

अर्थची वायर ही सगळ्यात दुर्लक्षित. माझ्या गाडीत अ‍ॅम्प बसवून घेतला त्या दिवशी संध्याकाळी गाणं सुरेख वाजलं. दुसऱ्या दिवशी गाणं थांबवून गाडी चालवली तर स्पीकरमधून बारीक 'सूंऽऽ' ऐकू येत होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो, सोडला की उतरतो. फिटर म्हणाला, अ‍ॅम्पच खराब असेल, कंपनीला पाठवा. मी सीटखाली बॅटरीचा दिवा घेऊन वाकलो. अर्थची वायर एका बोल्टला छान गोल रिंग लावून आवळलेली होती, पण बोल्टखालचा रंग तसाच! रंगावरून करंट जाणार कसा? सँडपेपरने दोन रुपयांच्या नाण्याएवढा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, रिंग पुन्हा आवळली, वरून गंजू नये म्हणून थोडं ग्रीस. 'सूं' गेला तो गेलाच. हा आवाज अल्टरनेटरचा असतो, आणि दहापैकी आठ वेळा त्याचं कारण खराब अर्थ नाहीतर करंटच्या वायरीला खेटून नेलेली आरसीए केबल. करंट गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. अर्थची वायर मुख्य वायरीइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, हातभर पुरे. आणि सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी कधीच वापरू देऊ नका. तो तुमच्या जिवासाठी आहे.

सीटखाली बसवायचा असेल तर तिथले पिवळे कपलर बघून ठेवा. पिवळा म्हणजे एअरबॅग. त्याला हात लावायचा नाही, वायर त्याच्यावरून न्यायची नाही. दुसरं म्हणजे ओल. जुलैत ओल्या चपलांनी आत आलेलं पाणी मॅटखालून सीटपर्यंत झिरपतं, आणि एसीचा ड्रेन पाइप तुंबला तर डाव्या पायाशी तळं साचतं. अ‍ॅम्प कार्पेटवर थेट ठेवू नका, खाली इंचभर उंचीचा प्लायचा तुकडा किंवा स्पेसर द्या. माझा कल ग्लोव्हबॉक्सच्या मागे बसवण्याकडे आहे: वायरी आखूड, पाणी नाही, पाय नाहीत. फक्त तिथे हवा खेळायला चारही बाजूंनी दोन बोटं जागा हवी. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे उन्हात उभी केलेली गाडी उघडून लगेच जोरात गाणी लावली आणि दहा मिनिटांत आवाज बंद पडला, तर घाबरू नका. अ‍ॅम्पने स्वतःला वाचवलं. एसीने गाडी निवू द्या, परत वाजेल.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी: तुमच्याही गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, आणि अ‍ॅम्पचा करंट फक्त तिथून घ्यायचा. नारिंगी कव्हरच्या जाड केबल दिसतील, त्या उच्च दाबाच्या. त्यांच्या वाटेला कोणीही जायचं नाही, तुमचा फिटर कितीही अनुभवी असला तरी. शिवाय अशा गाडीत काही जोडायच्या आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घेतलेलं बरं.

सगळं जोडून झालं की फिटर एक स्क्रू ड्रायव्हर घेतो, अ‍ॅम्पवरची 'गेन' नावाची फिरकी तीन-चतुर्थांश फिरवतो आणि म्हणतो, "घ्या साहेब, फुल." इथेच निम्मे अ‍ॅम्प बदनाम होतात. गेन ही व्हॉल्यूमची फिरकी नव्हे. स्टीरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे, ते अ‍ॅम्पला सांगणारी ती फिरकी आहे. जास्त ठेवलात तर स्टीरिओ बारावर असतानाच अ‍ॅम्प आपली सगळी ताकद संपवतो आणि तिथून पुढे नुसता फाटतो.

साधा मल्टिमीटर असेल तर गेन घरी लावता येतो. वॉट गुणिले ओहमचं वर्गमूळ काढा: ४५ गुणिले ४ म्हणजे १८०, वर्गमूळ १३.४. हे तुमचे व्होल्ट. फोनवर ६० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टेस्ट टोन घ्या. स्वस्त मीटर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेले असतात, वरच्या सुरांवर ते खोटं बोलतात, म्हणून ६०. अ‍ॅम्पपासून स्पीकर सोडवा, क्रॉसओव्हर 'फुल'वर आणि बास बूस्ट शून्यावर ठेवा, स्टीरिओचा इक्वलायझर सपाट. फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा आवाज पूर्ण. इंजिन चालू, गाडी मोकळ्या हवेत. स्टीरिओ पूर्ण व्हॉल्यूमच्या तीन-चतुर्थांशावर न्या. मीटर एसी व्होल्टवर, टोकं स्पीकरच्या जागी. गेन अगदी शून्यापासून हळूहळू फिरवा, १३च्या जरा अलीकडे थांबा. बस. काही नव्या स्टीरिओंना पुढे स्पीकर जाणवला नाही की ते आवाजच बंद करतात. तुमचा तसा असेल तर हार्नेससोबत लोड रेझिस्टर लागतो, दुकानदाराला आधीच विचारा.

मीटर नसेल तर कान. ओळखीचं गाणं लावा, शक्यतो एका गायकाचं आणि तबल्याचं, स्टीरिओ तीन-चतुर्थांशावर, गेन चढवत न्या. 'स' आणि 'श' ही अक्षरं कानाला टोचायला लागली की थोडं मागे या, आणि मग आणखी थोडं मागे. स्पीकर कंपनीचे मूळचे असतील तर या दुसऱ्या 'थोडं मागे'ची गरज जास्त, कारण त्यांची झेप बहुधा ४५ वॉटपर्यंत नसते.

मग क्रॉसओव्हर. 'एचपीएफ', म्हणजे खालचे सूर अडवणारा फिल्टर, चालू करून ८० हर्ट्झवर ठेवा. दारातला साडेसहा इंची स्पीकर त्याखालचा बास नीट देऊच शकत नाही, नुसता हलून दमतो. ते ओझं काढलं की गळा कसा मोकळा होतो ते लगेच कळेल. खालचा बास हवाच असेल तर सीटखालचा चपटा अ‍ॅक्टिव्ह वूफर घ्या, त्यात त्याचा अ‍ॅम्प असतोच. जेबीएलचा बासप्रो एसएल हा त्या जातीतला, आठ इंची, १२५ वॉट आरएमएस. पण तो पुढच्या वर्षीचा खर्च म्हणून ठेवा. दारं आणि अ‍ॅम्प झाल्यावर कित्येकांना त्याची आठवणही येत नाही.

बास अचानक गायबच झाला असेल, आवाज पातळ आणि डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरची वायर उलटी जोडली गेली आहे. डावा पुढे ढकलतोय तेव्हा उजवा मागे ओढतोय. घड्याळातला नाहीतर टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल घ्या, अ‍ॅम्पकडच्या टोकाला स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधून सोडवून क्षणभर टेकवा, अधिकला अधिक. जाळी काढलेली असेल तर कोन पुढे उडी मारताना दिसतो. मागे गेला तर सापडला चोर.

खर्चाचा अंदाज हवा म्हणून माझाच सांगतो. अ‍ॅम्पला ९,५०० रुपये, दोन दारांचं डॅम्पिंग १,८००, तांब्याची वायर, फ्यूज होल्डर आणि हार्नेस मिळून १,९००, फिटिंग १,२००. एकूण १४,४००. यातले अ‍ॅम्पव्यतिरिक्तचे ४,९०० वाचवायचा सल्ला मला तीन जणांनी दिला होता. बजेट दहाच हजार असेल तर मी आजही आधी दारं आणि वायरिंग करीन, आणि अ‍ॅम्प सहा महिन्यांनी घेईन. जुना, कुणाच्या तरी गाडीतून निघालेला नावाजलेल्या कंपनीचा छोटा अ‍ॅम्प मिळाला तर तोही चालेल. फक्त घेण्याआधी वाजवून बघा, चारही चॅनेल, एकेक करून, आणि नाकाजवळ धरून वास घ्या. जळका वास आला तर हात जोडा आणि निघा.

बसवल्यानंतर आठवडाभराने एकदा बॉनेट उघडा. जरा लांबचा प्रवास करून, गाणी जोरात वाजवून आलात की इंजिन बंद करून बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला बोट लावा. बाकीच्या भागांइतका गरम असेल तर ठीक, त्याहून जास्त चटका बसत असेल तर आतला जोड ढिला आहे. नंतर सीटखाली किंवा ग्लोव्हबॉक्समागे जाऊन अर्थचा बोल्ट १० नंबरच्या पान्याने तपासा. पहिल्या आठवड्याच्या खड्ड्यांनंतर माझा पाव वळसा फिरला होता.